अडीच वर्षांच्या मुलीसाठी बाबांनी चित्रपुस्तकं कशी निवडावीत?

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत. मुलगी अडीच वर्षांची आहे, तुम्ही वाचायला बसलात की ती पानं भराभर उलटते, आणि बायको म्हणते, "तुला पुस्तकांतलं कळत नाही, मी आणते." पहिल्या दोन गोष्टींवर बरेच जण लिहितील. मी लिहायला बसलो ते तिसरीमुळे.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मी त्याला एक पुस्तक आणलं. एक लहान मुलगा रात्री तहान लागून उठतो, जिना उतरून खाली जातो, पाणी पितो आणि परत येऊन झोपतो. गोष्ट एवढीच. पानाला जेमतेम एक ओळ मजकूर. मधल्या जोडपानावर तर एकही शब्द नाही. दोन्ही पानं काळीकुट्ट, डाव्या कोपऱ्यात पायरीवर टेकलेली दोन लहान पावलं आणि उजवीकडे अंधारात दोन पिवळे डोळे. पान उलटलं की कळतं, घरचंच मांजर आहे. दुकानात उभ्या उभ्या मी ते तीनदा वाचलं. लहानपणी रात्री जिना उतरताना माझेही पाय असेच एका पायरीवर अडायचे, आणि ते अडणं त्या चित्रात अगदी तस्संच उतरलं होतं. म्हणून घेतलं.

पहिल्या रात्री मुलगा काळ्या पानाशी आला आणि त्याने माझा शर्ट मुठीत धरला. थोडा वेळ तसाच बसला. मग दुसऱ्या हाताने स्वतःच पान उलटलं, "मांजर!" म्हणाला, आणि लगेच मागे जाऊन पुन्हा काळं पान उघडलं. असं सात-आठ वेळा केलं. त्या रात्री गोष्ट पुढे सरकलीच नाही.

पुढच्या आठवड्यात दादा-वहिनी आले. वहिनी लहान मुलांच्या वर्गाला शिकवतात, त्यामुळे या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा. पुस्तक चाळून म्हणाल्या, "भाऊजी, हे काय आणलंत? पोरगं रात्री दचकून उठेल. पुस्तकांचं त्याच्या आईवर सोपवा, पुरुषांना त्यातलं कळत नाही." दादा हसला. दादाने स्वतःच्या मुलांना मांडीवर घेऊन एक पुस्तक वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही, आणि तो हसला. वहिनींच्या बोलण्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. पण मी काही बोललो नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती दोन काळी पानं चारही कोपऱ्यांना गोंद लावून एकमेकांना चिकटवून टाकली. मुलगा घाबरला नव्हता हे मी स्वतः पाहिलं होतं, तरी चिकटवली. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या रात्री तो जिन्याच्या पानावरून थेट मांजराच्या पानावर आला. थांबला. मागे गेला. जाड झालेलं पान चिमटीत धरून चोळून पाहिलं, कडेला नख घातलं.

"काळं कुठे गेलं?"

"नाहीये ते आता."

"मग मांजर कुठून आलं?"

याला मी काय उत्तर देणार? चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून सोळा-सोळा पानांचे फर्मे निघतात. नावाचं पान, माहितीचं पान वजा केलं की गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. पान कशावर संपवायचं आणि उलटल्यावर काय दाखवायचं, हे चित्रकार एकेक जोडपान मोजून बसवतो. त्यातलं एक काढलं तर मांजर खरोखरच कुठून येत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला हे कळलं होतं.

मग स्टीलची पट्टी घालून मी ती पानं सोडवायला बसलो. तीन कोपरे नीट सुटले. चौथ्याला काळा थर सोलून निघाला आणि पायरीच्या खाली नखाएवढा पांढरा डाग राहिला. मुलगा शेजारी बसून सगळं बघत होता. त्या दिवसापासून गोष्टीत एक वाक्य वाढलं. काळं पान आलं की तो डागावर बोट ठेवायचा, "इथे बाबांनी चिकटवलं, मग बाबांनी उघडलं," असं म्हणायचा आणि मगच पान उलटायचा. ते पुस्तक आम्ही वर्षभर वाचलं. त्या वर्षात तो एकदाही दचकून उठला नाही.

आता तुमच्या मुलीचं. ती पानं उलटते ती उलटू द्या. ओळ पूर्ण व्हायलाच हवी हा आपला, मोठ्यांचा हट्ट. १९८८ साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण पावणेदोन ते तीन वर्षांच्या तीस मुलांच्या घरी एक महिना प्रयोग केला. सगळ्या घरांत वाचन तेवढंच. निम्म्या पालकांना सांगितलं की सरळ वाचत सुटणं कमी करा, मोकळे प्रश्न विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. महिन्याच्या शेवटी त्या घरांतली मुलं बोलण्यात पुढे निघाली. त्यात आणखी एक सूचना होती, जी मला फार पटली: बोट दाखवून सुटणारे प्रश्न कमी करा. "हत्ती कुठे आहे?" याला मूल बोट दाखवतं आणि विषय संपतो. "हा काय करतोय?" विचारलं की तिला बोलावं लागतं. ती "पडला" म्हणाली तर तुम्ही "हो, झाडावरून धपकन पडला" म्हणा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आपण फार लवकर बोलतो.

निवडताना मी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं बघतो. काय चाललंय ते कळलं तर पुस्तक ठीक. मग मजकूर मोठ्याने म्हणून बघतो, मनातल्या मनात नाही. जिभेला अडखळणारं वाक्य रात्री दहाव्यांदा वाचताना नकोसं होतं, आणि दहाव्यांदा वाचावं लागणारच. पुस्तक मधोमध उघडून सपाट पडतं का आणि महत्त्वाचं चित्र घडीत जातं का, तेही बघा. शेवटच्या पानावर तात्पर्य सांगणारी पुस्तकं मी ठेवून देतो. बटण दाबलं की आवाज काढणारीही नकोत, तो आवाज तुम्ही काढायचा आहे. वयोगटाच्या शिक्क्यावर फार विसंबू नका, समोरचं मूल तुमचं आहे.

राहिलं "कळत नाही". कोणत्या पानावर मुलाची मूठ आवळते आणि कुठल्या ओळीला ते अंगठा तोंडातून काढून आपल्या आधीच शब्द म्हणतं, हे त्याला मांडीवर घेऊन वाचणाऱ्याला कळतं. आई वाचत असेल तर आईला, बाबा वाचत असेल तर बाबाला. रोज वाचणाऱ्या आईला कुणी विचारत नाही की तुला यातलं कळतं का. वहिनींना मी हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं, दादाच्या समोर.

पण एक गोष्ट आहे. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता, तुमची मुलगी अडीचची आहे, आणि या वयात वर्षाचं अंतर फार मोठं. ती पुस्तक ढकलून देत असेल, तोंड फिरवत असेल, तर बंद करा आणि काही महिने ठेवून द्या. मुलगा स्वतःहून मागे जाऊन तेच पान उघडत होता, म्हणूनच मी म्हणतो की तो घाबरला नव्हता. आणि बायको आणेल ती पुस्तकंही वाचा. त्या भेटीत वहिनींनीही मुलासाठी एक पुस्तक आणलं होतं, घरातल्या वस्तूंच्या चित्रांचं, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं. मी ते न उघडताच वरच्या फळीवर ठेवलं. तीन वर्षांनी आवराआवरीत हाती लागलं. फार सुंदर चित्रं आहेत. किटलीवर खिडकीचं प्रतिबिंब काढलंय, त्यात बारीकसं झाडसुद्धा आहे. मुलाला दाखवलं, त्याने दोन मिनिटांत चाळलं आणि खेळायला गेला. त्याचं ते वय निघून गेलं होतं.