एसएपीत (कंपनीचे हिशेब आणि साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर) ओबी५२ या ट्रान्झॅक्शनमध्ये एप्रिलचा कालावधी उघडला, तरी मिगो या ट्रान्झॅक्शनमध्ये मालाची आवक नोंदवताना 'एम७ ०५३' एरर का येते?

फायनान्सचा कालावधी उघडलात, पण मटेरियल्स मॅनेजमेंटचा, म्हणजे साठ्याचा, अजून मार्चवरच आहे. एमएमपीव्ही चालवून तो एप्रिलवर आणा, एरर जाईल. ओबी५२ फक्त हिशेबखात्यांचे कालावधी उघडते-मिटते. साठ्याचा चालू कालावधी कंपनी कोडनुसार एमएआरव्ही टेबलात वेगळा राहतो आणि मिगो तोच तपासते. खात्री करायची तर एमएमआरव्ही उघडा: चालू आणि मागचा, दोन्ही कालावधी समोर दिसतील. एररच्या मजकुरातही हेच दोन लिहिलेले असतात, त्यामुळे तो नीट वाचला की निम्मे काम होते. आपल्याकडच्या व्ही३ या आर्थिक वर्षाच्या व्हेरियंटमध्ये (एप्रिल ते मार्च) एप्रिल २०२५ म्हणजे कालावधी ०१, वर्ष २०२५. एमएमपीव्हीत ०४ टाकू नका.

मात्र एमएमपीव्हीआधी स्टोअर्स आणि अकाउंट्सला विचाराच. साठ्याचे फक्त चालू आणि लगतचा मागचा, असे दोनच कालावधी उघडे राहतात, म्हणजे एप्रिल सुरू होताच फेब्रुवारीची राहिलेली नोंद करता येणार नाही. चुकून पुढे गेलात तर एमएमपीआयने मागे आणण्याचा सल्ला कुणीतरी देईल. चालू प्रॉडक्शन सिस्टिमवर (रोजचे काम चालते ती) ते कृपया करू नका, साठ्याच्या मूल्यांत विसंगती येते.