एफ/४ घेतलास, आता आरशांशी मैत्री कर

एफ/८ च्या आरशांच्या (न्यूटोनियन) दुर्बिणीत आरसे जरा हलले तरी चालतं (एफ/ चा आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले मुख्य आरशाचा व्यास). तिथे कोमामुक्त, म्हणजे ताऱ्यांना शेपटी न येणारी, मधली जागा साधारण ११ मिमीची असते. तुझ्या एफ/४ मध्ये ती जेमतेम १.४ मिमी. म्हणून एका कोपऱ्यातले तारे धूमकेतूसारखे शेपटीवाले आले की लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस. कोमा करेक्टर (ती शेपटी कमी करणारं भिंग) लावलास तरी कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, टळत नाही.

घरी परळला केलेलं कॉलिमेशन वांगणीच्या निरीक्षणाच्या जागेपर्यंत टिकेल ही आशा सोड. गाडीच्या धक्क्यांनी स्क्रू हलतातच. तिथे पोचल्यावर आधी नळी उघडी ठेवून आरसा थंड होऊ दे.

मग आधी दुय्यम आरसा, म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका. तो फोकसरखाली (कॅमेरा बसतो त्या नळीखाली) मध्यावर दिसतोय ना, ते बघ आणि फोकसरमध्ये लावलेल्या कॉलिमेशन लेझरचा ठिपका मुख्य आरशावरच्या खुणेत आण. त्यानंतरच मुख्य आरशामागचे स्क्रू फिरवून ठिपका लेझरच्या छिद्रात परतव. पण लेझर स्वतःच वाकडा असू शकतो! फोकसरमध्ये गोल फिरव. ठिपका वर्तुळ काढत असेल तर आधी लेझर नीट कर. मी असल्याच लेझरवर भरवसा ठेवून दोन अमावास्या वाया घालवल्यात.

एफ/४ सारख्या वेगवान दुर्बिणीत दुय्यम आरशाची सावली थोडी सरकलेली दिसते, ते बरोबरच आहे. ती ‘सुधारायला’ जाऊ नकोस.

आणि अ‍ॅलन की (स्क्रू फिरवायची षटकोनी चावी) हातात असताना नळी आडवी ठेव. उभ्या नळीत ती सुटली की थेट आरशावर.