एक लाइट पिवळी आणि मीटरवर निळा दिवा: बल्ब नका बदलू, अर्थिंग बघा

प्रश्न: नमस्कार काका, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, स्वतःची पिकअप आहे. सनावद-बडवाहकडून भाजी भरून रात्री निघतो आणि पहाटेच्या आत चोइथराम मंडीत माल उतरवतो. महिना-दीड महिना झाला, डावा हेडलाइट एकदम पिवळा आणि मंद पडलाय, उजवा ठीक आहे. बल्ब दोनदा बदलला, फ्यूज बघितला, बॅटरी नवीनच आहे. होल्डर थोडा तपकिरी झालाय. आणखी एक, डिपरवर (खालच्या झोतावर) असताना पण मीटरमधला अप्परचा (लांबच्या झोताचा) निळा दिवा हलकासा पेटलेला दिसतो, तो मीटरचा वेगळा फॉल्ट असेल. एक जण म्हणतो १००/९० वॅटचा बल्ब टाक, दुसरा म्हणतो एलईडी लाव. दिवाळीच्या आधी डावा कोपरा ठोकला गेला होता, डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, बाकी गाडीला काही नाही. भैरव घाटात वळणावर डावीकडची कडाच दिसत नाही हो, काय करू?

उत्तर: दादा, तो निळा दिवा मीटरचा फॉल्ट नाही, तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातच आहे. आणि डेंटिंगचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत ना, माझ्या मते गडबड तिथेच झालीय.

बघा, तुमच्या बल्बला मागे तीन पिना असतात, एक डिपरची, एक अप्परची आणि तिसरी दोघांची सामायिक, जी बहुतेक गाड्यांत बॉडीला अर्थ होते, म्हणजे पत्र्यामार्फत बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते (काही गाड्यांत उलटं असतं, सामायिक पिनेवर प्लस येतो आणि स्विच अर्थ तोडतो, पण तुमची लक्षणं पहिल्या प्रकारची आहेत). आता डावीकडचं अर्थिंग सुटलं की करंट डिपरच्या फिलामेंटमधून येतो खरा पण परत जायला वाटच नाही, मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरने उजव्या बल्बपर्यंत जातो आणि तिथून अर्थ होतो. जाता जाता त्याच वायरवरचा निळा दिवा पण थोडा पेटवतो. डाव्या बल्बची दोन्ही फिलामेंटं अर्धवट पेटलेली, म्हणून उजेड पिवळा. खात्री करायची तर आज रात्री भिंतीसमोर गाडी लावून डिपर टाका आणि डाव्या काचेतून बल्बकडे तिरकं बघा, दोन तारा निखाऱ्यासारख्या लाल-पिवळ्या दिसतील. अशात बल्ब दहा वेळा बदलला तरी फरक पडणार नाही.

आता अर्थिंगचा पॉइंट शोधा. हेडलाइटच्या मागे एप्रनवर (चाकावरच्या आतल्या पत्र्यावर) किंवा बॅटरीच्या ट्रेजवळ एका बोल्टखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबलेलं असतं. पेंट मारताना तो बोल्ट काढला असेल किंवा त्याच्यावरूनच स्प्रे गेला असेल, आणि थिंबलखाली रंगाचा थर बसला की सगळं कसलेलं दिसतं पण करंट जात नाही. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, वरून चकचकीत, बोल्ट काढला तर खाली बॉडीचा रंग जसाच्या तसा, थिंबलच्या आकाराचा गोल पण उमटला नव्हता.

टेस्ट सोपी आहे, जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, हेडलाइट चालू ठेवा, दुसरं टोक थेट त्या थिंबलला टेकवा. डावी लाइट झटकन पांढरी झाली आणि निळा दिवा विझला की झालं. पिनांना वायर लावू नका, चुकून प्लसला टेकली तर फ्यूज जाईल. थिंबलला टेकवून काहीच फरक पडला नाही तर दोष थिंबल आणि होल्डरच्या मधल्या वायरमध्ये किंवा होल्डरमध्ये आहे.

मग आधी बॅटरीचा मायनस काढा, बोल्ट खोला, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकेपर्यंत साफ करा, थिंबलवर हिरवा-पांढरा थर असेल तर तो पण घासा, बोल्ट घट्ट करा आणि कसल्यावर वरून थोडं ग्रीस लावा, नाहीतर पावसात परत गंज चढतो. तपकिरी झालेला होल्डर मात्र बदलाच, सिरॅमिकचा घ्या, आणि वायर नुसती पिळून टेप मारलेली चालवून घेऊ नका, सोल्डर करायला सांगा. सगळं झाल्यावर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा, इंजिन चालू, लाइट चालू, थिंबल आणि बॅटरीच्या मायनसमध्ये ०.२ व्होल्टच्या वर काही नको. हे एवढ्यासाठी सांगतोय की व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो.

१००/९० चा बल्ब अजिबात नको. तुमचा आत्ताचा ६०/५५ चा बल्ब डिपरवर साधारण साडेचार अँपिअर घेतो, १००/९० चा साडेसात घेईल, आणि होल्डर आत्ताच तपकिरी झालाय तो मग वितळेल, वायरिंग पण तापेल. रिले (बॅटरीतून लाइटला थेट करंट देणारा स्विच) टाकणं चांगलं आहे पण अर्थिंग नीट झाल्यावर. एलईडी हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये टाकलं की उजेडाचा झोत फुटतो, समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो, घाटात तर ते फारच वाईट.

आणि कोपरा ठोकला गेलाय म्हणजे डाव्या लाइटचा फोकस पण हललेला असणार. तो सेट करताना भाजीच्या गोण्या भरलेल्याच ठेवा, मागे लोड आला की गाडीचं नाक वर उठतं आणि रिकाम्या गाडीवर बरोबर बसवलेला झोत भरलेल्या गाडीत झाडांच्या शेंड्यांवर पडतो. डॅशबोर्डवर लाइट खाली-वर करायची नॉब असेल तर फोकस सेट करताना ती लोडच्या आकड्यावर ठेवा आणि मंडीत माल उतरल्यावर परत शून्यावर आणा.