मुस्तफा उघडत नसेल तर आधी व्हर्जन बघ

निपाणीच्या दोस्ताचा प्रश्न असा: लॅपटॉपवर नवीन मेम (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) आहे, त्यातले दहा-पंधरा गेम निवडून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मेम २००३-प्लसमध्ये टाकायचेत. सेट (गेमच्या झिप फाइल्सचा संच) स्प्लिट ठेवू, मर्ज्ड की नॉन-मर्ज्ड, म्हणजे झिपमध्ये फाइल्स कशा वाटून ठेवू? आणि मुस्तफा या गेमची 'डायनोयू' झिप कॉपी केली, ती का उघडत नाही?

भावा, तुझ्या कामाला नॉन-मर्ज्ड. पण ते नंतर. मेम २००३-प्लस हा मेमच्या ०.७८ या २००३ सालच्या व्हर्जनवर उभा आहे, तुझा लॅपटॉप आजच्या व्हर्जनवर. मधल्या काळात कितीतरी चिप्स नव्याने डंप झाल्या (मूळ मशीनमधून त्यांची कॉपी काढली गेली), फाइल्सची नावं आणि चेकसम (फाइल तीच आहे का ते तपासायचा आकडा) बदलले. त्यामुळे एकाचा सेट दुसऱ्यात चालेलच असं नाही. आधी पायवर कुठला एम्युलेटर कायम ठेवणार ते ठरव आणि त्याच व्हर्जनचा सेट धर. स्प्लिट की मर्ज्ड हा वाद त्याच्या पुढचा.

आता मुस्तफा. आपल्याकडे खडेबाजारापासून खानापूरपर्यंत सगळे ज्याला मुस्तफा म्हणतात तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याचा पॅरेंट, म्हणजे मूळ धरलेली आवृत्ती, 'डायनो', आणि 'डायनोयू' हा अमेरिकन क्लोन, म्हणजे त्याच गेमची थोडी वेगळी आवृत्ती. स्प्लिटमध्ये क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या असलेल्या चिप्सच्या फाइल्स असतात, बाकी ग्राफिक्स-आवाज सगळं पॅरेंटच्या झिपमधून येतं. झिप उघडून बघ, आत मोजक्याच फाइल्स दिसतील. एकटी डायनोयू उचललीस तर व्हर्जन बरोबर असूनही गेम चालणार नाही. पॅकमॅनची तर आणखी गंमत. मेममध्ये तो क्लोन आहे, पॅरेंट म्हणजे मूळ जपानी 'पकमॅन'. माहीत नसलेला माणूस पॅकमॅनची झिप घेऊन डोकं धरून बसतो.

नॉन-मर्ज्डमध्ये प्रत्येक झिप स्वतःपुरती पूर्ण. जागा जास्त खाते, पण दहा-पंधरा जुन्या गेमना किती लागणार? चुलतभावाला पेनड्राइव्हवर एकच गेम द्यायचा झाला तरी झिप उचलायची नि द्यायची. मर्ज्डमध्ये पॅरेंट आणि त्याचे सगळे क्लोन एकाच झिपमध्ये बसतात. पूर्ण सेट हार्ड डिस्कवर जपायचा असेल तर तेच बरं, मी माझा तसाच ठेवलाय. पण रेट्रोआर्चमध्ये (ज्यातून एम्युलेटर चालवतो तो प्रोग्राम) तीच झिप दिली की हवा तो क्लोन निवडणं कटकटीचं होतं. स्प्लिट मला दोन्हीकडून अर्धवट वाटतो. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून दे.

बायोसकडे (गेमच्या मशीनच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रामकडे) मात्र लक्ष ठेव. मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स यांना 'निओजिओ' झिप लागते. नॉन-मर्ज्ड म्हटलेल्या सेटमध्येही ती कधी आत असते, कधी नसते, म्हणून शेजारी एक ठेवूनच दे. किलर इन्स्टिंक्टसारख्या गेमची हार्ड डिस्क इमेज (मशीनमधल्या हार्ड डिस्कची कॉपी) सीएचडी प्रकारच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती झिपमध्ये कोंबायची नाही, 'किन्स्ट' नावाच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवायची. पायवर तो गेम तसाही रडत चालेल.

एका प्रकारातून दुसऱ्यात जायला पुन्हा डाउनलोड करत बसू नकोस. रॉमव्हॉल्ट किंवा सीएलआरमेमप्रो या सेट जुळवणाऱ्या प्रोग्रामला त्या व्हर्जनची डॅट फाइल (सेटमध्ये काय काय हवं त्याची यादी) दे, असलेल्या फाइल्समधून तो हवा तसा सेट बांधून देतो आणि काय कमी आहे तेही सांगतो. मूळ फोल्डरची एक कॉपी आधी बाजूला काढ.

आणि हो, झिप एक्सट्रॅक्ट करू नकोस, नाव बदलून 'मुस्तफा' तर अजिबात करू नकोस. एम्युलेटर नावावरूनच सेट ओळखतो. पोरांना यादीत मुस्तफाच दिसायला हवा असेल तर रेट्रोआर्चच्या प्लेलिस्टमध्ये लेबल बदल, फाइल आहे त्याच नावाने राहू दे.