अकरावीचा निर्णय : कोणाचे ऐकावे आणि किती ऐकावे

पालकांचे पत्र, संक्षेपाने : आम्ही कऱ्हाडला राहतो. मुलीला दहावीत 88 टक्के गुण मिळाले आहेत. तिला गणित आवडते आणि इंजिनिअर व्हायचे आहे. पुण्यातील एका क्लासने दोन वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स (अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र) सुचवला असून शनिवारपर्यंत पूर्ण फी भरल्यास सवलत देऊ, असे सांगितले आहे. मेहुणे म्हणतात, डिप्लोमा करा. व्हॉट्सअॅपचे पाच ग्रुप आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून आम्ही दोघेही पुरते गोंधळलो आहोत. निर्णय चुकला तर मुलीचे नुकसान होईल, अशी भीती वाटते.

सप्रेम नमस्कार.

आपण पुष्कळ माहिती जमवली आहे, परंतु ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. क्लासचे लोक आयआयटीपर्यंतचा मार्ग सांगत आहेत, तर मेहुणे लवकर नोकरी कशी लागेल ते सांगत आहेत. आपल्या मुलीने आयआयटीचे नाव काढल्याचे पत्रात कोठेही दिसत नाही. तिला इंजिनिअर व्हायचे आहे, एवढेच तिने म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी आयआयटीची तयारी अनिवार्य नाही. कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद, पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय यांतील राज्यातील विद्यार्थ्यांच्या बहुतांश जागा राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेवर भरल्या जातात. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि प्रश्नांचा सर्वाधिक भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो.

जाहिरातींतील पर्सेंटाइलबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण पालकांची सर्वाधिक फसगत तेथेच होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, ते त्यातून कळते. आयआयटीच्या मार्गातील पहिल्या, देशपातळीवरील परीक्षेला, म्हणजे जेईई मेनला, अलीकडे सुमारे 15 लाख विद्यार्थी बसतात, म्हणजे 99 पर्सेंटाइल मिळवूनही सुमारे 15 हजार जण पुढे असतात. आयआयटीसाठी त्यानंतर जेईई अॅडव्हान्स्ड ही दुसरी परीक्षा द्यावी लागते आणि देशभरातील सर्व आयआयटी मिळून जागा सुमारे 18 हजार आहेत. तेव्हा ‘आमचे चाळीस विद्यार्थी 99 च्या वर’ असे वाचल्यावर, त्या वर्षी क्लासमध्ये एकूण किती विद्यार्थी होते, हे विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेच उत्तर समजावे.

शनिवारच्या मुदतीने घाई करू नये. अशा खोट्या घाईच्या आणि इतर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याआधी जानेवारी 2024 मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. आपला क्लास हे लेखी देतो का, ते पाहावे. तोंडी आश्वासनावर दोन वर्षांची फी एकदम भरू नये.

डिप्लोमाचा मार्ग कमी प्रतीचा मुळीच नाही. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि नंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन वर्षे, असा एकूण काळ सहा वर्षेच होतो. बारावीनंतरच्या मार्गालाही तेवढाच लागतो. मात्र डिप्लोमानंतर वैद्यकीय किंवा शुद्ध विज्ञानाकडे वळणे फार अवघड होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची आवड अजून बदलू शकते, म्हणून मी तिला विज्ञान शाखेत कऱ्हाडलाच अकरावी करावी, सीईटीला केंद्रस्थानी ठेवावे आणि जेईई मेन सोबत द्यावी, असे सुचवेन. अकरावी विज्ञानातून पुढे वाणिज्य, कायदा किंवा संगणकशास्त्र यांकडेही जाता येते, म्हणून आपली भीती या निर्णयाला लागू पडत नाही. पुण्याचे वसतिगृह आणि फी भरून झाल्यावर परत फिरणे मात्र महागात पडते.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या चर्चेत आलेली दिसत नाही. आपण आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा इतर मागास प्रवर्गात असाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 2024-25 पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यातील एक मुख्य अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. म्हणून संबंधित दाखले आतापासूनच तयार ठेवावेत.

आता ग्रुपविषयी. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीतील कट-ऑफ (शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलवर झाला, ते आकडे) महाविद्यालय, शाखा व प्रवर्गनिहाय प्रसिद्ध होतात. मागील दोन वर्षांच्या याद्यांतून पाच महाविद्यालयांचे आकडे मुलीनेच वहीत लिहावेत, आपण शेजारी बसावे. एका संध्याकाळचे काम आहे आणि पुष्कळ व्हिडिओ पाहण्यापेक्षा उपयोगी आहे. पाचपैकी शाळेचा अधिकृत ग्रुप ठेवून बाकी चार बंद केले तरी काहीही बिघडणार नाही.

अकरावीचा प्रवेश 2025-26 पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे कऱ्हाडलाही तोच अर्ज लागतो. डिप्लोमाचा अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाकडे स्वतंत्रपणे करावा लागतो. मन पक्के होईपर्यंत दोन्ही अर्ज भरून ठेवावेत आणि जागा मिळाल्यावर निवड करावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक