शीआन ‘उरकायचं’ शहर आहे का?

तुमचा प्रश्न: ‘आई-बाबांना घेऊन चीनला चाललोय. शीआनमध्ये टेराकोटा आर्मी सोडून बघण्यासारखं काही आहे का, की एका दिवसात उरकून बीजिंग गाठावं? दोघंही शाकाहारी आहेत.’

‘उरकून’ वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्या घरात हा शब्द भाऊजींचा. २०१९च्या एप्रिलमध्ये ताई, भाऊजी, बायको आणि मी असे चौघं गेलो होतो. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर भाऊजींचा एकच किस्सा असतो: ह्याच्या एका विटांच्या मनोऱ्यापायी आमची बीजिंगची गाडी चुकत होती. चुकत नव्हती. सांगतो पुढे.

आधी तुमचं. एक दिवस पुरत नाही. दोन दिवस पूर्ण आणि तिसरी सकाळ हातात ठेवा. टेराकोटा आर्मी, म्हणजे जमिनीखाली पुरलेली मातीच्या सैनिकांची फौज, शहरात नाही, चाळीसेक किलोमीटर पूर्वेला आहे. आमच्या वेळी नव्हती, पण आता ९ नंबरची मेट्रो हुआछिंग कुंडापर्यंत जाते, तिथून बस. खड्डे तीन आहेत. सगळे धावतात एक नंबरकडे. तुम्ही उलटं करा, तीन, दोन आणि शेवटी एक. तो मोठा खड्डा आधी पाहिला की बाकीचे दोन म्हणजे नुसती खणलेली जमीन वाटते. दोन नंबरला काचेच्या पेटीत गुडघा टेकून बसलेला तिरंदाज होता. तो दिसला की त्याच्या मागे जा. वर आलेल्या बुटाच्या तळव्यावर दोऱ्याचे टाके कोरलेत, टोकाला आणि टाचेला दाट, मधे विरळ. बावीसशे वर्षांपूर्वी जमिनीखाली पुरायच्या पुतळ्याचा तळवा कोण बघणार होतं? मी तिथे दहा मिनिटं उभा होतो. भाऊजी म्हणाले, ‘चला, एकसारखेच आहेत सगळे.’ एकसारखे नाहीत, चेहरे वेगवेगळे आहेत, हाच तर मुद्दा आहे. जाऊ दे.

बाहेर पडताना दुकानांची रांग लागते. तिथे भाऊजींनी वीतभर सैनिकासाठी पाऊण तास घासाघीस केली. कॅल्क्युलेटरवर बाई आकडा दाबायची, हे खोडून आपला दाबायचे. १८० युआनवरून ६० ला आणला आणि गड जिंकल्यासारखे बसमध्ये चढले. (तोच सैनिक रात्री मशिदीजवळच्या खाऊगल्लीत २५ ला होता. नाशिकला पोचेपर्यंत त्याची मान तुटली. आता शोकेसमध्ये फेविक्विक लावून उभा आहे, जरा तिरका बघतो.)

ह्या पाऊण तासाचा हिशेब कुणी धरत नाही. कारण त्यानंतर आम्ही दा यान ताला, म्हणजे मोठ्या रानहंस पॅगोडाला पोचलो तेव्हा वर चढायची तिकिटं बंद झाली होती. भाऊजी म्हणाले, ‘बाहेरून दिसला ना? झालं मग.’ आणि सगळे पलीकडच्या चौकात कारंजी बघायला गेले.

आता मला ते का लागलं ते ऐका. आम्ही मूळचे सिल्लोडचे. अजिंठा म्हणजे आमच्या शाळेची सहल, डबा आणि उलट्या. आमच्या पुस्तकात ‘ह्युएनत्संग’ नावाचा एक चिनी प्रवासी होता, हल्लीच्या पुस्तकात त्याला युआन श्वांग म्हणतात. तो ह्याच शहरातून निघाला. तेव्हा ह्याला छांगआन म्हणत. सोळा-सतरा वर्षांनी, ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि ते नीट राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला. पुढे पडझड झाली, पुन्हा बांधला, आज सात मजले आहेत. हा माणूस चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथली माणसं साधी आणि प्रामाणिक, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचाच तर शत्रूला आधी कळवून घेतात. पूर्वेकडच्या डोंगरातल्या ज्या लेण्यांचं वर्णन तो करतो, ती अजिंठ्याचीच असं अभ्यासक मानतात. आणि आम्ही सिल्लोडची माणसं तिथवर जाऊन कारंजी बघणार?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गाडी होती. मी पासपोर्ट आणि पाठीवरची पिशवी घेतली, बाकीच्यांना म्हटलं टॅक्सीने बॅगा घेऊन या, स्टेशनवर भेटू. देवळाचं तिकीट वेगळं, वर चढायचं वेगळं. आत लाकडी जिना, प्रत्येक मजल्यावर चारी दिशांना एकेक कमानीची खिडकी. वरून रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ जाताना दिसतात. दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने खुणेनेच विचारलं, कुठला? ‘यिन्दू’ म्हटलं. त्याने बोट आधी युआन श्वांगच्या पुतळ्याच्या दिशेला केलं, मग माझ्याकडे, आणि अंगठा वर. एवढंच.

तिथून मेट्रोची ४ नंबरची लाईन थेट उत्तर स्टेशनला जाते, गाडी बदलावी लागत नाही. मी पोचलो तेव्हा टॅक्सीने येणारे आमचे तिघं अजून वाटेत होते. ते आले, त्यानंतर आम्ही फलाटाच्या दाराशी पन्नास मिनिटं बसलो. ताई साक्षीला आहे. ती भाऊजींसमोर बोलत नाही, तो भाग वेगळा.

तर तुम्ही पॅगोडा सकाळी करा, आणि करा म्हणजे वर चढा. आई-बाबांचे गुडघे ठीक नसतील तर त्यांना खाली अंगणात बसवा, जागा छान आहे. शहराच्या जुन्या तटबंदीवर दक्षिण दरवाज्यातून चढा. पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटरची आहे, ती सायकलवर तुम्ही मारा, त्यांना मारायला लावू नका. घंटा मनोरा बाहेरून पुरे.

जेवणाचं. ‘वो छ् सू’ म्हणजे मी शाकाहारी, पण हे बोलून दाखवू नका, फोनवर चिनी अक्षरांत लिहून ठेवा. माझा उच्चार कुणालाही कळला नाही. यो पो म्येन मागा: पट्टीसारख्या रुंद नूडल्स, वर तिखट आणि लसूण, आणि त्यावर कडकडीत तेल ओततात. चर्रर्र आवाज आला की आईंना घरची फोडणी आठवेल. मांस घालू नका हे तरी सांगावंच लागतं. खाऊगल्लीत मटणाचा वास दाट असतो, सोसत नसेल तर तिथे पर्सिमॉन नावाच्या फळाची गोड तळलेली टिक्की घेऊन लवकर बाहेर पडा.

हे सगळं २०१९चं आहे हे आधीच सांगायला हवं होतं. आम्ही रोख नोटा मोजत फिरलो. आता अलीपे हे पैसे द्यायचं अ‍ॅप भारतातूनच टाकून त्याला कार्ड जोडून ठेवा, आणि तिकिटं पासपोर्ट नंबरवर आधी काढा. गुगलचा नकाशा तिथे चालेल ह्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा असतो, तेव्हा तर मुळीच जाऊ नका.

बीजिंगचं दुसऱ्या कुणाला विचारा. तिथलं सगळं नियोजन भाऊजींनी केलं होतं, आम्ही ते उरकलं.