मुधोळच्या बरगड्या दिसतात, म्हणजे तो उपाशी आहे का?

प्रश्न : आमचा मुधोळ हाउंड १० महिन्यांचा आहे, नर. खातो व्यवस्थित पण बरगड्या दिसतात, येणारा-जाणारा विचारतो कुत्र्याला जेवायला घालता की नाही. वजन वाढायला काय देऊ? आणि लवकरच नसबंदी करायचीय, काही काळजी घ्यावी लागते का?

उत्तर : वजन वाढवायच्या मागे अजिबात लागू नका. आपल्या खेडोपाडी ज्याला कारवान म्हणतात तोच हा, वासावर नाही तर नजरेवर शिकार करणारा, माळावर ससा उठला की त्याच्यामागे सुटायचं हेच काम पिढ्यानपिढ्या केलेलं, त्यामुळे छाती खोल, पोट आत ओढलेलं आणि अंगावर चरबी फारच कमी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, २००५ मध्ये पोस्टाने तिच्यावर तिकीटही काढलं. इतकी देखणी जात लोकांच्या बोलण्यापायी जाड करू नका हो! मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं नॉर्मल आहे. मणके टोकदार लागत असतील, मांड्या सुकल्या असतील, जुलाब होत असतील तर मात्र जंतांची तपासणी करून घ्या.

नसबंदीचं विचारलंत ते फार बरं केलंत. अशा नजरेवर शिकार करणाऱ्या, म्हणजे साइटहाउंड गटातल्या कुत्र्यांना, विशेषतः ग्रेहाउंडला, थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध दिलं तर शुद्धीवर यायला खूप वेळ लागतो, कारण ते शोषून घ्यायला अंगात पुरेशी चरबी नसते आणि लिव्हरही ते हळू पचवतं. आता दुसरी औषधं आहेत, म्हणून डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा की हा साइटहाउंड आहे, कुठली भूल देणार? ऑपरेशनमध्ये यांचं अंग पटकन गार पडतं, तेव्हा उबेची सोय आहे का तेही विचारा, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं का हेही.

बाकी रोज पळायला हवंच, पण कुंपण असलेल्या मैदानातच सोडा, कारण मांजर दिसलं की याला तुमची हाक ऐकूच येत नाही, रस्त्यावर तर साखळी सोडूच नका. डोकं मानेपेक्षा फार मोठं नसल्याने साधा पट्टा मागे ओढला की निसटतो, ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. कातडी पातळ असते, तारेच्या कुंपणाला घासली तरी फाटते, तेव्हा पळवून आणलं की एकदा सगळं अंग बघा. आणि झोपायला जाड गादी द्या, कडक फरशीवर कोपरांना घट्टे पडतात.